खाणीच्या चार ओळी

१

सकाळचा अंक उघडला आणि संपादकाचा चहा कपातच गार झाला.

पाचव्या पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी, 'आजच्या दिवशी' नावाचं सदर असे. कुठं पूल खुला झाला, कुठं लस पहिल्यांदा टोचली, कुठल्या तहावर सह्या झाल्या, असल्या जुन्या तारखांच्या तीन-चार नोंदी. आजची पहिली नोंद खाणीची असायला हवी होती. पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला गावाबाहेरच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला होता. ज्याचं कुणी त्या दिवशी खाली राहिलं नाही असं घर गावात शोधून सापडलं नसतं. संध्याकाळी स्मारकापाशी मोठी सभा होती. आणि गावाच्याच दैनिकात खाणीचं नाव नाही! तिच्या जागी कुठल्याशा बेटावरचा दीपस्तंभ पहिल्यांदा उजळल्याची नोंद छापलेली.

फोन वाजायला लागले. एक म्हातारी अगदी शांतपणे म्हणाली, "आमच्या माणसांना खाली अंधारातच ठेवायचं ठरवलंय का तुम्ही? दिवा लावलात तोही परक्या बेटावर."

संपादकानं आत्याला बोलावून घेतलं. ही त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. कित्येक वर्षं अंकातलं शब्दकोडं तीच रचायची, त्यामुळे कचेरीतले सगळेच तिला आत्या म्हणत.

"आत्या, तू रोज कोडं घालतेस. आज एक सोडव."

"घालणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक असतं. म्हणून तर तो शहाणा दिसतो," आत्या म्हणाली. पण चष्मा पुसून तिनं अंक हातात घेतला.

"संध्याकाळच्या आत मला माणूस हवा. सभेत उभं राहून सांगणार आहे मी, की ज्यानं हे केलं त्याला घरी बसवलं."

"आणि त्यानं का केलं ते?"

"ते तुझं तू बघ. मला फक्त कोण ते सांग."

२

सदर लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे तारीखराव म्हणत. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस नवऱ्याच्याही आधी त्यांना आठवे. आज मात्र ते टेबलावरच्या पिना एका डबीतून दुसरीत टाकत बसले होते.

"शेवटचं प्रूफ मी स्वतः वाचलं, आत्या. खाण होती. दीपस्तंभ उद्याचा. उद्याचं सदर तयार होतं, त्यातली नोंद उचलून इथं बसवलीय."

"खाणीचं दरवर्षी तेच छापता ना?"

"दरवर्षी तीन ओळी." ते थांबले. "यंदा चार केल्या."

"चौथीत काय?"

"नाव."

आत्यानं मान वर केली. कुणाचं नाव ते विचारायची गरज नव्हती. खाणीत जाळीचा दिवा नेत. ज्योत जाळीच्या आत असेपर्यंत बाहेरचा वायू पेटत नाही; जाळी काढली की संपलं. त्या दिवशी एका माणसानं जाळी काढली होती. उघडा दिवा त्याच्या मेलेल्या हातात सापडला होता. त्याला बिडी ओढायची तलफ आली, असं गाव सांगत आलं होतं. 'तलफेपायी गाव जाळलं' ही तर इथं म्हणच पडली होती. कुणी पोरगं निष्काळजीपणे काही सांडलं-फोडलं, की आया तेच म्हणत.

"आजवर 'एका कामगाराने' असं लिहायचो," तारीखराव म्हणाले. "पन्नासावं वर्ष. म्हटलं, नोंद पुरी असावी."

"कुणी मागितलं होतं नाव?"

"कुणीच नाही." पिनांची डबी त्यांनी बंद केली. "आता वाटतं, कशाला लिहिलं. अचूकपणाची हौस, दुसरं काय."

प्रूफानंतर पान दोघांच्याच हाती होतं. पान लावणारी मुलगी, आणि खाली छापखान्यात फोरमन. संपादक काल तापानं घरी होता.

३

पान लावणारी मुलगी एवढी हळू बोलायची की तिचं नाव चिमणी पडलं होतं. शेजारच्या गावाहून बसनं यायची, पान खाली गेलं की शेवटच्या बसनं जायची. आत्या तिच्या खोलीत शिरली तेव्हा ती बंद संगणकासमोर बसली होती, हात मांडीवर.

"खाणीची नोंद तूच लावलीस ना गं?"

"हो."

"काढलीस?"

"नाही."

"वाचली होतीस?"

"लावताना वाचावीच लागते." जरा थांबून ती म्हणाली, "दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं. ते सुधारलं."

तिच्या बोलण्यात आत्याला काहीतरी खटकलं. एखादा शब्द घरांत नीट बसतो, पण अर्थाशी जुळत नाही, तसं. आत्या खुर्ची ओढून बसली. मग काही न विचारता नुसती बसून राहिली.

"ते नाव माझ्या आजोबांचं आहे," चिमणी म्हणाली. "आईच्या वडिलांचं. इथं नोकरीला लागले तेव्हा आई म्हणाली होती, आजोळ कुठलं विचारलं तर दुसरंच गाव सांग."

"आणि तू त्यांचं नाव स्वतःच्या हातानं लावलंस?"

"मग काय करणार? खरंच आहे ते. खरं कसं काढायचं?"

दारात पाऊल वाजलं. संपादक उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"झालं की उत्तर," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."

चिमणीनं वाद घातला नाही. पाण्याची बाटली पिशवीत टाकली, खुर्ची टेबलाखाली सारली आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली. जणू असं कधीतरी होणारच, हे ती पहिल्या दिवसापासून धरून चालली होती.

"घाई केलीस," आत्या पुतण्याला म्हणाली.

"आत्या, आजोबाचं नाव झाकायला नातीनं नोंद काढली. याहून सोपं काय असतं?"

"नाव झाकायचं तर नाव खोडायचं. अख्खी खाण कशाला काढायची? एक शब्द गळाला असता तर तारीखरावांशिवाय कुणाला पत्ता लागला नसता."

संपादकानं मान डोलावली. पण चिमणीला परत बोलवायला तो जिन्यातही गेला नाही.

४

तळघरातल्या छापखान्यात यंत्र थंड होतं आणि शाईचा वास तेवढा जागा होता. फोरमन निवृत्तीला आलेला. सगळे त्याला दादा म्हणत. त्याचे वडील खाणीत गेले होते. स्मारकावर दरवर्षी पहिलं फूल त्याच्या घरचं. आधी आईचं असे, ती गेल्यावर त्याचं. सभेत पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्याच्याचसाठी ठेवलेली असे.

"पान आलं तसं छापलं," तो रूळ पुसत म्हणाला. "मी यंत्र बघतो आत्या, मजकूर नाही."

"नोंद नाही म्हणून वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"वाटलं."

"यंदा त्या माणसाचं नाव छापणार होते म्हणे. राग येत असेल ना त्याचा? त्याच्यामुळे वडील गेले तुमचे."

फोरमन बराच वेळ एकच जागा पुसत राहिला. "राग कसला. वरून पाणी गळतंय, दिवा विझलेला, दोघंच माणसं, हाताला हात दिसत नाही. अशा वेळी माणसाला काय सुचतं, ते वर उजेडात बसून कुणी सांगू नये."

"खरं आहे," आत्या म्हणाली. आणि जाता जाता सहज बोलावं तसं म्हणाली, "चिमणीला काढून टाकलं. ती त्याची नात निघाली."

फोरमनच्या हातातलं फडकं खाली पडलं. "ती त्याची..." त्यानं ते उचललं नाही. "तिनं नसेल केलं."

"कशावरून?"

"शेवटच्या बसनं जाते ती." मग तो वळला आणि छापायचं काहीच नसताना त्यानं यंत्र सुरू केलं. त्या धडधडीत पुढचं बोलणं शक्यच नव्हतं.

५

आत्या वर आली तेव्हा तिच्यासाठी फोन होता. लांबच्या एका गावातले निवृत्त पोस्टमास्तर कोडं सुटलं नाही की फोन करायचे आणि चूक कोड्याचीच आहे असं सिद्ध करायचे.

"तुमचा आडवा सात चुकलाय," ते म्हणाले.

"चुकला असेल. मास्तर, माझं एक काम करा. शेजारच्या सदरातली पहिली नोंद वाचून दाखवा."

"दिवसेंदिवस आळशी होत चालल्या आहात तुम्ही. थांबा, चष्मा... हं. 'पन्नास वर्षांपूर्वी याच दिवशी कोळशाच्या खाणीत भीषण स्फोट होऊन...'"

त्यांनी चारही ओळी वाचल्या. शेवटच्या नावासकट.

आत्यानं फोन ठेवला आणि पुतण्याच्या खोलीत गेली. "लांबच्या गावांचे गठ्ठे सगळ्यात आधी छापून निघतात ना?"

"हो. का?"

"त्यांच्यात खाण आहे. आपल्या गावच्या अंकात दीपस्तंभ आहे. म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर मध्येच थांबवून पान बदललं. तेव्हा चिमणी कुठं होती?"

संपादकाचा चेहरा उतरला. "बसमध्ये."

"यंत्र कोणाच्या शब्दाशिवाय थांबत नाही?"

"दादांच्या." लगेच तो म्हणाला, "पण आत्या, दादा? नाव छापलं जाताना खरं तर त्यांना समाधान वाटायला हवं. बापाच्या जिवावर उठलेल्या माणसाचं नाव ते कशाला झाकतील?"

तेच तर आत्यालाही कळत नव्हतं. ती पायीच स्मारकाकडे गेली. माणसं खुर्च्या मांडत होती, कुणी माईकवर फुंकर मारून बघत होतं. काळ्या दगडावर ओळीनं नावं कोरलेली. ती आजवर कितीदा इथं उभी राहिली होती, पण नावं कधी शेवटपर्यंत वाचली नव्हती; कुणीच वाचत नाही. तळाशी एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली तीन नावं. 'दुसऱ्या दिवशी निधन.'

तीन नावांतलं मधलं फोरमनच्या वडिलांचं होतं.

आत्या जवळच्या खुर्चीत बसली. गाव म्हणतं, तलफ आली. फोरमन म्हणाला, दिवा विझला होता. गाव म्हणतं, एक माणूस. फोरमन म्हणाला, दोघं. ज्याच्या हातात दिवा सापडला तो जागीच मेला. तो काही सांगायला उरला नव्हता. मग पाणी गळत होतं, दिवा विझला होता, हे वर कोण घेऊन आलं? जो दुसऱ्या दिवसापर्यंत जगला, तो.

शेवटचं घर भरताना नेहमी होतो तसा आनंद तिला क्षणभर झाला. आणि पाठोपाठ त्या आनंदाचीच लाज वाटली. समोर दगडावर माणसांची नावं होती.

६

छापखान्यात फोरमन स्टुलावर बसला होता. आत्यानं पोस्टमास्तरांचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, मग त्याचेच शब्द त्याला ऐकवले. त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही.

"वडिलांचा दिवा होता तो?" तिनं विचारलं.

"वडिलांचा. विझला. वायूचा वास वगैरे काही येत नाही तिथं. माणसाला वाटतं, एक काडी ओढली तर काय होतंय. काडी बरोबर न्यायलाच बंदी होती, तरी त्यांच्याकडे होती. त्यांनी जाळी काढली. चिमणीच्या आजोबांनी त्यांचा हात धरला, दिवा ओढून घेतला. तोवर काडी पेटली होती." त्यानं तळहात चेहऱ्यावरून फिरवला. "दिवा त्यांच्या हातात सापडला, कारण ते थांबवत होते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला नाही, आईला. वडिलांना घरी आणलं होतं, अंगाला हात लावता येत नव्हता. मी पडद्याआड होतो, चौथीत असेन. ते परत परत तेच सांगत होते. ते गेले, तसं तिनं त्यांचं तोंड मिटवलं आणि पडदा सारून माझ्याकडे आली. म्हणाली, तो दुसरा बिचाराही गेलाच आहे, त्याला आता काय फरक पडतो. आपल्याला इथं राहायचंय."

"आणि त्याची बायको?"

"ती गाव सोडून निघाली, कडेवर मूल, ट्रकमध्ये सामान. लोकांनी कोळसे फेकले ट्रकवर." तो थांबला. "मीही फेकला. न फेकणारा मी एकटाच दिसलो असतो."

वर कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या.

"काल लांबचे गठ्ठे निघून गेले, तेव्हा कुठं एक कागद हातात घेतला. शाई ओली होती. नाव दिसलं. इतकी वर्षं 'एक कामगार' होता, तोवर मी कसंतरी ढकललं. नाव माझ्या हातून छापवेना. यंत्र थांबवलं, खोटं काढलं. मग तिथं चार ओळींची जागा रिकामी होती, आत्या. खरं तेवढ्यात बसलं असतं. मी दीपस्तंभ घातला."

"आणि आज चिमणी गेली."

"हो. तुम्ही सांगितलंत, आणि मी यंत्र सुरू केलं."

आत्या उठली. "मी संपादकाला सांगणार, पोरीसाठी सांगावंच लागेल. बाकीचं तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. संध्याकाळी पहिलं फूल तुमचं आहे. माईक तिथंच असतो."

७

संपादकानं ऐकलं आणि आधी दार लावून घेतलं.

"पन्नास वर्षं झाली, आत्या. आता कोण उरलंय? सभा उधळेल."

"सकाळी तर एका माणसाला घरी बसवायची घाई होती तुला."

 मग त्यानं चिमणीला फोन लावला. तिनं उचलला नाही. "दादा स्वतः बोलले तर छापतो," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्या नावानिशी. नुसतं आपलं ऐकून नाही."

सभेला गाव लोटलं होतं. फोरमननं फूल वाहिलं आणि माईकपाशी येऊन उभा राहिला. दरवर्षी तो नमस्कार करून खाली उतरायचा; आज थांबला, म्हणून लोक ऐकायला पुढे सरकले. त्याचे ओठ हलले. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे त्यानं पाहिलं. त्यातली एक डोळ्यांना पदर लावून त्याच्याकडे मायेनं बघत होती.

"सगळ्यांना नमस्कार," तो म्हणाला आणि उतरला.

संपादक शेजारच्या खुर्चीतून उठला नाही. आत्याही उठली नाही. सांगायचा हक्क त्याचा आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. पण ते समजावणं तिला सोयीचं होतं, हेही तिला दिसत होतं. परत जाताना तिघं एकाच रस्त्यानं चालले आणि कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

कोपऱ्यावर फोरमन म्हणाला, "नाही जमलं."

"बघितलं मी," आत्या म्हणाली. "उद्या सकाळच्या बसनं चिमणीकडे चला. तिथं माईक नाही."

८

चिमणी तिच्या गावच्या बसथांब्यावरच भेटली. आत्याचा निरोप तिला पोचला होता. फोरमननं बोलायला तोंड उघडलं, तसा तिनं हात वर केला.

"मला नका सांगू, दादा. मी ऐकलं तर मला रडू येईल आणि तुम्हाला वाटेल सांगून झालं. आजीला सांगा."

आजी तिसऱ्या मजल्यावर राहायची. लांब सामाईक गॅलरी, दाराला दार लागून. ती शेंगा सोलत बसली होती. आत्याला तिनं खुर्ची दिली, फोरमनला पाट. तो बसला नाही. चिमणीनं दार लोटून घेतलं आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात, जमिनीकडे बघत; पाणी, दिवा, काडी, धरलेला हात. पडद्याचं सांगितलं. कोळशाचंही सांगितलं.  आजीचे हात शेंगांवरच थांबले होते.

"तुझा बाप कधी गेला?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी, काकू. दुपारी."

"म्हणजे तुमच्याशी बोलला."

"हो."

"माझा नाही बोलला." तिनं एक शेंग उचलली, परत ठेवली. "मी किती वर्षं त्याला मनात विचारत राहिले, अरे, तुला तर कसलंच व्यसन नव्हतं, मग तलफ कशाची आली? मग वाटायचं, असेल. बायकोला कुठं सगळं माहीत असतं."

फोरमन तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागे घेतले.

"ते राहू दे. इथं आले तरी दोन वर्षांत सगळ्यांना कळलंच होतं. शेजारीण अजून म्हणते, आजींना काडेपेटी देऊ नका गं. गमतीनंच म्हणते, चांगली बाई आहे. मीही हसते." ती नातीकडे वळली. "चिमणे, दार उघड. खिडकीही."

चिमणीनं दोन्ही उघडली. बाहेर गॅलरीत बायका कपडे वाळत घालत होत्या, कुणी नळाच्या पाण्यावरून तक्रार करत होतं.

"आता पुन्हा सांग," आजी म्हणाली. "पहिल्यापासून. तुझं नाव, बापाचं नाव, माझ्या माणसाचं नाव, सगळं घेऊन."

फोरमन उभाच होता. त्यानं उघड्या दाराकडे पाहिलं. आत्याला कालची सभा आठवली आणि तिनं मान खाली घातली. पण आजीला घाई नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्यासमोरून निसटायला नमस्कार पुरणार नव्हता.

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. मग वडिलांचं.

दारात कुणीतरी डोकावलं. दोरीवर कपडा झटकत असलेली बाई थांबली. नळाची तक्रार बंद पडली.

"मोठ्यानं," आजी म्हणाली. "शेवटच्या दारापर्यंत गेलं पाहिजे."